शेंदराचा दगड ते उंबर

१२ फेब्रु., गुरुवार
पाणी खालून तिसऱ्या पायरीवर. नितळ. लाह्या एक पसा. थोरली आली, मागून पंधरा-वीस मासे.
डोहावरून घरी येते तो दारात प्रकाशभावोजी. वयाने धाकटे दीर, वागणं थोरल्याचं. "वहिनी, तुमी रोज पाणी बघताच. मला जरा सांगत जावा ना. पायरी कितवी, गढूळ का निवळ." म्हटलं, नदी तुमच्या कॅम्पपासून पन्नास पावलांवर, डोळे नाहीत का? तर म्हणे पाहुणे मुंबईहून विचारतात, सकाळी सातचं पाणी लागतं त्यांना. आणि भावोजी नवाच्या आत उठत नाहीत. हे त्यांनी सांगितलं नाही, मी लिहिते.

१३ फेब्रु., शुक्र. एकादशी
पा. ३, नितळ. दुपारी वीजघराचं पाणी सुटलं, पायरीभर चढलं, दिवेलागणीला उतरलं.
भावोजींना सांगितलं. त्यांनी उभ्या उभ्या मोबाइलवर इंग्रजीत पाठवलं. "कंडिशन" म्हणतात त्याला. एकतीस वर्षं वहीत पाणी लिहिते आहे. त्याचं नाव आज कळलं.

१४ फेब्रु., शनि.
पाहुणे आले. तिघे. आजवर कॅम्पात दारू पिऊन नाचणारे यायचे, त्यांचं एक बरं, ते सरळ वाईट होते. हे गंभीर आहेत. छातीपर्यंत रबराची विजार. टोपीला पिसं. गळाला गांडूळ लावत नाहीत, कमीपणा वाटतो. कोंबड्याच्या पिसांच्या, बोकडाच्या केसांच्या माश्या करून आणतात, आणि लांबच लांब दोरी डोक्यावर चाबकासारखी फिरवत ती माशी पाण्यावर टेकवतात. सकाळभर फिरवली. मासा एक नाही. उंबराच्या फांदीत तीन माश्या अडकल्या, त्या काढायला भावोजी वर चढले. मी पोट धरून हसले, पदर तोंडात घालून.
त्यांच्यातला मुख्य, कामत, दोरीला बांधून काचेची नळी पाण्यात सोडतो. नदीला ताप आलाय का बघतो.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र
पा. ३. लाह्या दोन पसे, सणाच्या.
देवळात गर्दी. कामत आला. चप्पल बाहेर काढली, हात-पाय धुतले, नंदीला हात लावून आत गेला. बरं वाटलं, लिहायला हरकत नाही. नंतर पायऱ्यांवर माझ्याशेजारी उभा. माझ्याच वयाचा, केस रंगवलेले, आणि मला काकू म्हणतो.
"काकू, हे मासे तुमच्याकडे येतात कसे? मी एवढा लपून बसतो, तरी पळतात."
सांगितलं. वरचा शेंदराचा दगड ते खालचा उंबर, एवढा डोह महादेवाचा. यातला मासा कुणी धरत नाही. गाव नाही, वाडीवरचे कातकरीही नाहीत. आमच्या घरच्या सुनेने रोज सकाळी लाह्या टाकायच्या, मग चूल पेटवायची. सासूबाईंनी मला दिलं. या खडस माशांच्या पिढ्या आमच्या हातावर वाढल्या. थोरली तर माझ्या लग्नाआधीची असेल, पाठीवर खवले रुपयाएवढे.
डोळे मिटून ऐकलं त्याने. मग तिकडच्या गोष्टी. हिमालयात ट्राउट म्हणून मासा असतो, वसंतात बर्फ वितळायला लागण्याआधी पंधरा दिवस पाणी काचेसारखं, तेव्हा म्हणे ती कंडिशन. "तुमच्याकडे बर्फ नाही, पण माघ-फाल्गुनातलं हे पाणी तसंच आहे काकू." जसा काही मोठा मान दिला.
निघताना ओंजळ पुढे केली. प्रसाद मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. दिल्या मूठभर लाह्या. रुमालात बांधून नेल्या. माणूस बरा आहे.

१६ फेब्रु., सोम.
पा. २. जरासा गार वारा. काटेसावर फुलली.
कालचं शेवटचं वाक्य घाईत लिहिलं.

२१ फेब्रु., शनि.
पुन्हा तिघे. उंबराच्या खाली उभे राहिले, हद्दीबाहेर, हे मान्य. अकरापर्यंत एक वीतभर मळवा मिळाला. त्याचे तिघांनी मिळून फोटो काढले, मोजला, आणि परत सोडला.
घरी यांना विचारलं, सोडायचा तर धरला कशाला? हे पेपरात तोंड घालून म्हणाले, "हौस असते एकेकाला." रसायनीला छत्तीस वर्षं नोकरी केली, घरात एक वाक्य पूर्ण नाही बोलले.

२३ फेब्रु., सोम.
सोमी मोळी घेऊन आली, वाडीवरून. तिला सगळं सांगितलं. तिचा नवरा खालच्या कोंडीत जाळं टाकतो, घरात सहा तोंडं. सोमीला पटेना.
"धरतान नि सोडतान?"
"हो."
"भूक नसंल त्यांना."
"भूक आहे गं. दुपारी माझ्या हातच्या आठ आठ भाकऱ्या खातात."
"मंग माशानं काय केलंय त्यांचं? धरावा तं खावा बाय. त्याच्या तोंडाशी काय खेलाचं?"
पाणी प्यायली, तांब्या पालथा घातला, गेली. मॅट्रिक मी झाले, पण हे मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

२७ फेब्रु., शुक्र. एकादशी
पा. २, तळ दिसतो. पळसाची फुलं पाण्यावर.
कामतने नंबर मिळवला. थेट मलाच फोन. "काकू, पाणी कसं?" सांगितलं. "आणि तुमच्या बाई दिसल्या का?" थोरलीबद्दल विचारत होता. म्हटलं, दिसली. म्हणाला, "वा." कुणी 'वा' म्हटलं की मी चार शब्द जास्त बोलते ही माझी जुनी खोड. ऊन वरच्या पायरीवर आलं की ती येते, हेही सांगून बसले.

१ मार्च, रवि.
रात्री लिहिते आहे.
सकाळी लाह्या टाकल्या. मासे वर आले, तोंडं उघडी. मी हात जोडून डोळे मिटले, रोजच्यासारखे. उघडले तर माझ्या लाह्यांच्या पलीकडे हातभर एक लाही, एकटीच, तरंगत. वाटलं, वाऱ्याने गेली. थोरली वळली. तोंडात घेतली. आणि पाणी फुटलं.
शेंदराच्या दगडाआड कामत. काठी कमानीसारखी वाकलेली. भावोजी शेजारी उभे राहून "सोडू नका, सोडू नका" ओरडताहेत. अर्धा तास ओढाताण. मी पायरीवर होते. का ओरडले नाही, हे रात्रीपर्यंत स्वतःला विचारते आहे.
दमवून दमवून काठाला आणली. न्हाऊ घातलेलं बाळ धरावं तशी दोन्ही हातांत धरली. फोटो. आणि कपाळाचा मुका घेतला, माशाच्या! मग पाण्यात धरून हलवली, सोडली. सुटताना ओठ फाटला. त्याने पाहिलंच नाही, तो मोबाइल बघत होता.
वर येऊन मला म्हणतो कसा, "काकू, हे तुमच्यामुळे." डबी उघडली. आत ओळीने माश्या. एक पांढरी, फुगीर, टोकाला जराशी तांबूस, हुबेहूब लाही. महाशिवरात्रीचा प्रसाद समोर ठेवून केली म्हणाला. दोन आठवडे खटपट चालू होती, शेवटी बोकडाचे केस नि पांढरा स्पंज. "हिचं नाव ठेवलंय काकूज लाही. आमच्या ग्रुपवर सगळ्यांना आवडलं."
एक मला भेट दिली.
म्हटलं, देवाच्या माशाच्या तोंडात गळ घातलात.
"काकू, बिनकाट्याचा गळ आहे, उलटा दात नाही त्याला. त्यांना दुखत नाही. मला हे मासे देवासारखेच आहेत."
दुखत नाही हे त्याला कुणी सांगितलं? माशाने?

२ मार्च, सोम. होळी
पा. २. थोरली नाही. बाकीचे आले, दबकत नाही, नेहमीसारखेच. मूर्ख.
होळीपाशी सगळ्यांसमोर भावोजींना विचारलं. पुरणपोळी तोंडात, म्हणतात, "नियम काय हाय वहिनी? डोहातला मासा खायचा नाय. मारायचा नाय. कोन खातंय? कोन मारतंय? धरायचा नाय असं आजोबांनी कुठं लिवून ठेवलंय?"
चारचौघे हसले. कुणी म्हणालं, तेही खरंच. कुणी म्हणालं, चार पोरांना काम लागतंय. गुरवाने वर आभाळात बघितलं, जसं काही चंद्र आजच पहिल्यांदा उगवला. यांच्याकडे बघितलं मी. हे नारळ शोधत होते आगीत.
आजोबांनी 'धरायचा नाही' लिहिलं नाही, कारण खायचा नसताना मासा धरणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना स्वप्नातही सुचला नसता.

४ मार्च, बुध.
थोरली नाही.

६ मार्च, शुक्र.
पा. २, नितळ. थोरली नाही.
कामतचा फोन येणार म्हणून माझा सकाळपासून बंद ठेवला, तर यांच्या फोनवर आला. हे हात पुढे करून उभे, आणि हळूच म्हणतात, "गढूळ हाय म्हन. संपला विषय."
महादेवाच्या पायाजवळचं पाणी, तळाचा खडा नि खडा दिसतोय, त्याला मी गढूळ म्हणू? एकतीस वर्षांत या वहीत पाण्याची एक खोटी ओळ नाही. "नितळ," म्हटलं आणि फोन यांच्या हातात आदळला.
यांनी फोन खिशात घातला. "तुजं खरं आनि त्यांचा मासा," म्हणाले. छत्तीस वर्षांत पूर्ण बोललेलं पहिलं वाक्य. तेही मलाच टोचायला.

८ मार्च, रवि.
आज चौघे. सगळ्यांकडे पांढरी माशी.
मी लाह्या टाकायला गेलेच नाही. वाटलं, मी नाही गेले तर मासे वर येणार नाहीत. चूल पेटवली नाही, नेम मोडला तर निदान उपास तरी. खिडकीतून दिसत होतं. मासे आले. पायरीवर कामत उभा होता, माझ्या जागेवर, आणि कुणाचीही सावली पडली तरी ते येतात. सहा धरले. सहा सोडले. दर वेळी टाळ्या.
दुपारी भावोजी: "वहिनी, भाकऱ्या?"
म्हटलं, आज चूल नाही. धरून सोडा म्हणावं, भाकरीसुद्धा.

१० मार्च, मंगळ.
थोरली आली. सगळ्यांच्या मागून. खालचा ओठ डावीकडे लोंबतोय, पांढरा पडलाय. लाही तोंडात घेते, फटीतून बाहेर येते, पुन्हा घेते. पाच वेळा मोजलं.
बघवेना. बघत बसले.

११ मार्च, बुध.
सोमी आली. तिला डोहावर नेलं. ती शेंदराच्या दगडाला हात लावून मगच खाली उतरली, भावोजींना हे कुणीतरी दाखवावं. तिची सावली पाण्यावर पडली मात्र, सगळे मासे धावत तिच्याकडे. सोमी मागे सरली.
"गो बाय! आमच्या कोंडीत मानसाची सावली पडली क मासा दगडाखाली जातं. ह्ये तं तोंड पसरून येतान." मग पायरीवर टेकली. "तुमी भ्याचं शिकवलंच नाय त्यांना. न भ्यालेला मासा मेलेलाच."
"मग काय करू?"
"भिवव. दुसरं काय."
"देवाच्या माशांना?"
सोमी मोळी उचलत म्हणाली, "देवाचं असूंदे, माय बी मारते न पोराला, इस्तवाकडं गेला तं."

१५ मार्च, रवि. एकादशी
पा. १ नि अर्धी. पाणी आटतंय, डोह लहान दिसतो.
भावोजींनी उंबराला खिळे ठोकून पाटी लावली. वर मराठीत, खाली इंग्रजीत. 'देवाचा डोह. पकडा आणि सोडा.' दत्ताचं झाड ते, त्याला खिळे. चीक गळत होता. गुरव पाटी वाचून म्हणाला, अक्षर चांगलंय.
पाच धरले आज.

१९ मार्च, गुरु. पाडवा
गुढी उभारली. लाह्या दोन पसे. थोरलीसाठी भात मऊ शिजवून नेला होता, हाताने तिच्या जवळ सोडला. फाटक्या बाजूने नाही, उजवीकडून खाल्लं. शिकली. एवढं शिकते, मग भ्यायचं तेवढंच का नाही शिकत?
सासूबाई आठवल्या. जाताना म्हणाल्या होत्या, "बाकी काय बी मोड गं, पन लाह्यांची मूठ मोडू नको."
देवळात बसून विचारलं महादेवाला. खोटं बोलणं पाप, का माशाला खडा मारणं? काही सांगितलं नाही. यांच्यासारखाच.

२० मार्च, शुक्र.
पा. १, नितळ. लाह्या नाहीत.
ओच्यात खडे नेले. नदीतलेच, गोल, बोराएवढे. मोठे घ्यायचा धीर झाला नाही. सावली पडली, मासे आले. हात वर केला तेव्हा आणखी वर आले, तो हात त्यांना ठाऊक आहे ना. टाकला. पहिला खडा पाण्यातच पडला, जाणूनबुजून. कुणी हललं नाही. दुसरा पाठीवर लागला एकाच्या. तेवढा एक पळाला. बाकीचे खडा बुडताना त्याच्यामागे खाली गेले, खायला.
घरी आले. चूल पेटवली नाही. यांनी स्वतः चहा केला, एक कप माझ्यापुढे ठेवला.
कामतचा फोन आला. उचलला नाही. न बोलणं खोटं नसतं.

२१ मार्च, शनि.
पाच-सहा वेळा मारले. आता जरा लांब थांबतात, पण जात नाहीत. मी टाकायची थांबले की पुन्हा पुढे.
कॅम्पावाले आले. दोन धरले, मागल्या वेळी पाच. भावोजींनी मला पायरीवर पाहिलं. "वहिनी, काय करताव हो ह्ये? डोकं फिरलं का? देवाच्या माशांना दगड?"
"नियम काय आहे भावोजी? खायचा नाही, मारायचा नाही. मी मारत नाही, भिववते. भिववायचं नाही असं आजोबांनी लिहिलंय कुठं?"
बोलले, आणि तोंडाची चव गेली. त्यांच्याच पंक्तीला जाऊन बसले.
कामत मात्र तिथेच उभा होता, काठी खांद्यावर. हसला नाही. "काकू, तुम्ही त्यांना माझ्यापासून तोडताय." जसे काही माहेरचेच त्याचे.
"हो," म्हटलं. "तुमच्यापासून आणि माझ्यापासून. दोघांपासून."

२४ मार्च, मंगळ.
पा. १. पांगाऱ्याच्या फुलांचा सडा पायऱ्यांवर, कुणी तुडवलेला नाही.
सावली पडली. सात आले. परवा बारा होते. दोन खडे पुरले. रिकामा डोह. अशी गप्प नदी मी पाहिली नव्हती.
चांगलं झालं. चांगलं झालं म्हणून लिहिते आहे.
गुरव सांगत फिरतो, देव कोपला, मासे येईनात. पाटीबद्दल नाही बोलला.

२६ मार्च, गुरु.
तीन. एक खडा.
भेट दिलेली माशी आज हळद-कुंकवाच्या डब्यात सापडली, मीच ठेवली असणार त्या दिवशी. काढताना बोटात गेली. बिनकाट्याची. दुखतं. वहीच्या या पानाला टोचून ठेवली.

२७ मार्च, शुक्र.
पा. १, नितळ. तळ दिसतो.
सावली पडली. कुणी नाही. लिहिणार होते, संपलं एकदाचं. तेवढ्यात उंबराच्या मुळीखालून थोरली निघाली. एकटी. सावकाश. सरळ माझ्या पायरीपाशी आली आणि तोंड वर करून थांबली, ओठ लोंबता. पाणी इतकं कमी की पाठ उघडी पडत होती.
खडा टाकला. अंगावर नाही, समोर. तिने तोंडात घेतला. बाहेर टाकला. पुन्हा तोंड वर.
दुसरा टाकला. घेतला, टाकला. पुन्हा वर.
ओच्यात अजून चार होते, मोठे, काल वेचलेले. त्यातला एक हातात घेतला. ऊन वरच्या पायरीवर आलं होतं. ती हलली नाही. मी हात वर केला आणि तसाच, किती वेळ कोण जाणे. खांदा भरून आला.
खडा अजून माझ्याकडेच आहे, वहीवर ठेवलाय, पान उडू नये म्हणून.
उद्या शनिवार. सहा जण येणार, भावोजींनी कालच सांगितलं.
यांच्या फोनवर कामत आहे. हे दारात उभे, हात पुढे करून. या वेळी काही म्हणत नाहीत, नुसते बघताहेत माझ्याकडे. पाणी कसं, विचारतोय.